थेटरातलं मशीन वर नेताना

लिफ्ट बंद होती. रॅम्पवरून ढकललं आम्ही,
मी, सफाईचा गफूर, आणि ओढणी खोचून स्वतः आरेफा मॅडम.
मागच्या चाकात टाक्यांचा जुना धागा गुंतलेला,
वळणावर ते रुसायचं.
"सावकाश, धनराज. औषधाची टाकी कलंडायला नको."

सतरा वर्षं या मशीनजवळ उभा आहे मी,
अंबाजोगाईच्या याच दवाखान्यात.
अपेंडिक्स, हर्निया, सिझरच्या बाया.
पाऊण तासाची भूल, फार तर दोन तासांची.
दिली, राखली, उतरवली.
पाच दिवस न थांबलेली आकडी
मी पाहिली नव्हती.

शिवकन्या. वय एकोणीस. गाव केजकडचं.
आधी ताप, मग बडबड, मग हे.
ओठाचा डावा कोपरा ओढला जातो, सुटतो, ओढला जातो.
झोपेची औषधं एकावर एक चढली,
नळ्यांवर नावं लिहून लिहून
सिस्टरचं पेन आटलं.
अंग निपचित पडलं तरी
स्क्रीनवर मेंदूची रेघ करवतीसारखी चालूच.

दाराशी तिची आई, दैवशाला.
"पहिल्यांदा चप्पल हुंगवली, साहेब.
मंग कांदा फोडून नाकाला धरला.
आता तुमी काय हुंगवणार?"
मला हसू आलं नाही.
नाकातोंडाच्या त्याच वाटेनं
आम्हीही काहीतरी आत न्यायला आलो होतो,
फक्त आमच्या कांद्याला आकडे होते.

मॅडमनी जांभळी चकती फिरवली.
एक. सव्वा. दीड.
वापरलेली हवा नळीनं खिडकीबाहेर,
कडुनिंबावरच्या कावळ्यांकडे.
करवत बोथट होत गेली.
मग रेघ आडवी. मग एक उसळी. मग पुन्हा सपाट,
उन्हाळ्यातल्या मांजरेसारखी:
डोह, वाळू, वाळू, वाळू, डोह.
"हेच हवंय," मॅडम म्हणाल्या.
सपाट रेघ बघून कुणी 'हेच हवंय' म्हणतं,
हे माझ्या गळी उतरायला रात्र गेली.

रात्रीही काही कमी नव्हती.
रक्तदाब घसरला, दुसरा पंप वाढवला.
दोनला टाकी भरली. डब्यातला चुना जांभळा पडला, बदलला.
साडेतीनला लाईट गेली,
जनरेटर लागेपर्यंत मी पिशवी दाबली,
श्वास माझा रोखून, तिचा मोजत.

पहाटे आई म्हणाली,
"भूल म्हंजी चूक बी असती ना? मंग ही कुणाची?"

मी म्हणालो, "बाई, भूल म्हणजे वाट चुकणंही असतं.
रानात भुलीच्या वेलीवर पाय पडला
की माणूस रातभर एकाच बांधावर फिरतो.
तिच्या डोक्यात कुणीतरी तसं फिरतंय, पाच दिवस.
म्हातारे काय सांगतात अशा वेळी?"
"चालू नको मनत्यात. हाय तिथं बस. उजाडू दे."
"तेच करतोय आम्ही. बसवतोय त्याला."
हे पुस्तकात नाही. मॅडमना विचारलंही नाही.

तिसऱ्या दिवशी चकती मागे घेतली.
ओठाचा कोपरा परत ओढला गेला.
चकती पुन्हा पुढे. कुणी काही बोललं नाही.
खाली दोन हर्निया लांबणीवर,
सर्जन जिन्यात भेटून घड्याळ दाखवायचे.

पाचव्या दिवशी पुन्हा मागे. दीड. एक. पाव.
आम्ही सगळे एका ओठाकडे बघत उभे.
तो ओठ होता. नुसता ओठ.

डोळे तिनं त्यानंतर आठवड्यानं उघडले.
आईकडे पाहिलं, अनोळखी एसटी थांब्याकडे पाहावं तसं.
मॅडम म्हणाल्या, वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही.
दैवशालानं तिच्या केसातला गुंता धरला हातात.
"मी सांगीन तिला मी कोण ते.
रोज सांगीन. मला दुसरं काय काम हाय?"

मशीन मात्र त्याआधीच खाली गेलं होतं, सिझर खोळंबली होती.
नेण्याआधी चाकातला धागा ब्लेडनं कापून काढला मी,
निघाला वीतभर, काळा.
उतारावर मशीन सोपं जाईल असं वाटतं.
जात नाही. मागून धरून ठेवावं लागतं.